आधी खोड, मग फांद्या

रोप पाहताना मी सगळ्यात आधी माती उकरते. पानं कितीही चकचकीत असोत, फांद्या कितीही देखण्या असोत, खोड मातीत शिरतं तिथे काय आहे हे दिसल्याशिवाय मी रोप घेत नाही. बोन्सायचं वय डोळ्यांना जाणवतं ते पायथ्याशी. चहूबाजूंनी पसरलेली मुळं, तळाला रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं खोड. मुळांच्या या घेराला बोन्साय करणारे नेबारी म्हणतात. फांदी नको असेल तर कापता येते, हवी असेल तर पुन्हा फुटवून घेता येते. पायथा सुधारणं मात्र झाड मोठं झाल्यावर फार अवघड होतं, म्हणून तो रोपटं कोवळं असतानाच हातात घ्यावा लागतो.

हे सगळं मी सांगते आहे ते नांद्रुकाच्या एका रोपावरून. नर्सरीत याला नुसतं फायकस म्हणतात. रोप हातभर उंच, खोड अंगठ्याएवढं, वर पानांचा झुपका आणि खाली प्लास्टिकची पिशवी. शिकण्यासाठी नांद्रुकासारखं झाड नाही, असं माझं ठाम मत आहे. ते मुळांची छाटणी सोसतं, जुन्या लाकडावरही नवे डोळे फोडतं, जखमा लवकर भरून आणतं आणि आपण काय केलं त्याचं उत्तर काही आठवड्यांत देतं. ज्युनिपरला असं वागवता येत नाही. त्याच्या फांदीवर थोडी तरी हिरवी पालवी ठेवावीच लागते, सगळी काढली तर ती फांदी गेली. बोगनवेलीची फांदी एकदा लाकूड झाली की वाकवताना कडकन मोडते. तंत्र एकच असलं तरी प्रत्येक झाडाची सहनशक्ती वेगळी, आणि ती आधी माहीत करून घ्यायला हवी.

पिशवी फाडली तेव्हा मुळं तळाशी गोल गोल फिरलेली दिसली. पिशवीत वाढलेल्या रोपांचं बहुतेकदा असंच असतं. बांबूची बोथट काडी घेऊन मी खोडापासून बाहेरच्या दिशेनं माती विंचरत गेले. आडवी काडी मारली की मुळांची साल सोलते, म्हणून काडी नेहमी मुळाच्या लांबीच्या दिशेनंच चालवायची. मधूनमधून पाण्याचा हलका फवारा. हळूहळू वरचा थर मोकळा झाला आणि एक बोटभर जाड मूळ खोडाला अर्धा वेढा घालून बसलेलं सापडलं. त्याच्याखाली खोडाच्या सालीवर चक्क खाच पडली होती. हे मूळ तसंच राहिलं असतं तर खोड जाड होताना तिथेच आवळलं गेलं असतं. ते मी खोडापाशी कापलं. पांढरा चीक भळाभळा आला, तो पाण्यानं धुऊन टाकला.

मुळांचा घेर एकसारखा नव्हता. एका बाजूला दांडगी मुळं, समोरच्या बाजूला केसांसारखी. अशा वेळी जाड मुळं आखूड कापायची आणि बारीक मुळांना लांब राहू द्यायचं. जाड मूळ कापलं की त्याला नवे फाटे फुटण्यात वेळ जातो, तेवढ्यात बारीक मुळं जोर धरतात. एका माती-बदलात हा फरक मिटत नाही. पण प्रत्येक वेळी हेच धोरण ठेवलं तर घेर भरत येतो. खाली जाणारं जाड मूळ सपाट कापलं आणि रोप फरशीच्या एका तुकड्यावर बसवलं. सरळ खाली जायची वाट बंद झाली की मुळांना आडवं पसरण्यावाचून पर्याय उरत नाही. फार साधा उपाय आहे, आणि त्याच्याइतका उपयोगी दुसरा कोणता मला ठाऊक नाही.

मातीचं मिश्रण म्हणजे विटांचा चाळलेला चुरा, बारीक खडी आणि थोडं जुनं कंपोस्ट. दाणा 3 ते 5 मिलिमीटरचा घेतला आणि चाळणीखालची धूळ टाकून दिली. धूळ राहिली तर ती दाण्यांमधल्या पोकळ्या बुजवते, पाणी साचतं आणि मुळांना हवा मिळत नाही. रोप कुंडीच्या छिद्रांतून ओवलेल्या तारेनं घट्ट बांधलं. हे बांधणं पुष्कळ जण टाळतात. वाऱ्यानं रोप हललं की नुकती फुटलेली कोवळी मुळं तुटतात आणि मग लोकांना वाटतं की छाटणी जास्त झाली. त्यानंतर सावलीत ठेवलं, पानांवर पाणी शिंपडत राहिले आणि नवी पानं उघडेपर्यंत खत दिलं नाही.

मला शिकवणाऱ्या काकांची एक सवय होती. मी कात्री उचलली की ते आधी विचारायचे, ‘‘या कापण्यानं खोडाचं काय भलं होणार आहे?’’ उत्तर नसलं तर म्हणायचे, ‘‘मग हात आवर. अजून खोड झालेलं नाही.’’ कोवळ्या रोपावर काम करताना हा प्रश्न मी अजूनही स्वतःला विचारते. आकार द्यायचा म्हणजे सतत काहीतरी कापत राहायचं, अशी समजूत फार पसरलेली आहे. खरं तर सुरुवातीच्या हंगामांत एक-दोन नेमकी कामं करायची आणि मग झाडाला पोटभर वाढू द्यायचं.

त्यातलं एक काम म्हणजे खोडाचा पहिला वाक. खोड अंगठ्याएवढं आहे तोवरच तो देता येतो. जाडी वाढली की हाताची ताकद पुरत नाही. वाक टिकावा म्हणून खोडाभोवती तार गुंडाळतात. ती निवडताना ढोबळ नियम असा, की तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश असावी. 6 मिलिमीटरच्या फांदीला 2 मिलिमीटरची तार. माझं खोड 15 मिलिमीटरच्या आसपास होतं, म्हणून 5 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घेतली. तांब्याची भट्टीत मऊ केलेली तार जास्त धरते, पण एकदा वाकवली की ताठर होते आणि नवशिक्या हाताला आवरत नाही. फायकससारख्या भराभर जाड होणाऱ्या झाडाला ॲल्युमिनियम पुरतं.

आदल्या दिवशी पाणी थोडं कमी दिलं होतं. पाण्यानं तुडुंब भरलेली फांदी लवकर मोडते, किंचित सुकलेली लवचिक असते. तारेचं टोक खोडामागे मातीत खोल रोवलं, कारण तार खालून पक्की नसेल तर वरचे सगळे वळसे निव्वळ शोभेचे. मग 45 अंशांच्या तिरकसपणानं वर चढवत गेले. वळसे फार जवळ आले की तार स्प्रिंगसारखी लवते, फार लांब गेले की पकड जाते. आणि वाक जिथे द्यायचा असेल तिथे तारेचा वळसा बाहेरच्या बाजूला यायला हवा. वाकताना ताण बाहेरच्या सालीवर येतो. तिथे तारेचा आधार नसेल तर साल फाटते.

दोन्ही अंगठे आतल्या बाजूला, बोटं बाहेरून वळशावर. जोर एकदम लावायचा नाही. थोडं वाकवायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. आतून लाकडाचे तंतू सरकल्याची बारीक करकर हाताला जाणवते, कानांनी ऐकू येण्याच्या आधी. ती जाणवली की तिथेच थांबायचं. पहिला वाक मातीच्या अगदी जवळ आणि सगळ्यात ठळक दिला, वरचे वाक क्रमाक्रमानं जवळजवळ आणि सौम्य. रोप समोरून पाहून नुसतं डावी-उजवी वाकवलं तर बाजूनं पाहताना खोड कागदासारखं चपटं दिसतं, म्हणून प्रत्येक वाकाला थोडं पुढे किंवा मागेही वळवलं. शेंडा शेवटी किंचित पाहणाऱ्याकडे झुकलेला राहील असं बघितलं.

मग सोडून दिलं. मोठ्या, पसरट कुंडीत, भरपूर उन्हात, नियमित खतावर. याच टप्प्यात बहुतेक रोपं बिघडतात असं मला वाटतं, कारण बोन्सायची देखणी उथळ कुंडी समोर असते आणि रोप तिच्यात बसवायचा मोह होतो. उथळ कुंडीत झाड जगतं, सुखानं जगतं, पण खोड भरत नाही. खोड जाड होतं ते पानांच्या जोरावर. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं आणि सालीखालचा पातळ जिवंत थर त्यावर नवं लाकूड घालत जातो. म्हणून एखादी फांदी वाढते तेव्हा तिच्या जोडाच्या खालचं सगळं खोड जाड होतं, वरचं नाही. हे एकदा समजलं की कोवळ्या रोपावरची निम्मी कामं आपोआप कळतात. तळ रुंद हवा असेल तर तळाजवळची एक फांदी मोकाट सोडायची. ती पुढे कापायचीच असते, झाडाच्या आकारात तिला जागा नसते. तिला बलिदानाची फांदी म्हणतात. माझ्या नांद्रुकाची अशी फांदी मागच्या बाजूला होती, म्हणजे कापल्यावर जखम समोरून दिसणार नव्हती. ती बघता बघता झाडापेक्षा उंच झाली आणि पायथा फुगू लागला.

प्रमाण डोळ्यांसमोर असलं की धीर धरता येतो. प्रचलित आडाखा असा, की झाडाची उंची पायथ्याच्या जाडीच्या साधारण सहापट असावी. 30 सेंटिमीटरचं झाड हवं तर पायथा 5 सेंटिमीटर. अंगठ्याएवढ्या खोडावर 30 सेंटिमीटरची फांद्यांची रचना कितीही नाजूकपणे केली तरी ते कुंडीतलं रोपच दिसतं.

पायथा भरल्यावर खोड छाटलं. इतके दिवस कौतुकानं वाढवलेला शेंडा करवतीनं उतरवणं मनाला जड जातं, हे मी लपवणार नाही. पण खोडाला निमुळतेपणा येतो तो याच छाटणीनं. जाड खोड एका उंचीवर कापायचं, तिथून फुटलेल्या बारीक फुटव्याला नवा शेंडा करायचं, तो पुरेसा जाड झाला की थोडं वर पुन्हा कापायचं. असे दोन-तीन टप्पे झाले की खालचा भाग जाड, त्यावरचा कमी, त्यावरचा आणखी कमी. आधी मी दोन बोटं वर खुंट ठेवून कापलं, कारण नांद्रुक कापाखाली थोडं वाळू शकतं. फुटवे बाहेर पडून जोर धरल्यावर खुंट मागच्या बाजूला तिरका उतरवला आणि खोलगट कटरनं जखमेचा मध्य किंचित खाली घेतला, म्हणजे भरून येताना तिथे टेंगूळ राहत नाही. वर जखमेचा लेप.

छाटल्यावर खोडावर जिकडेतिकडे डोळे उठले, जुन्या पानांच्या खुणांमधूनसुद्धा. यामागचं कारण सुंदर आहे. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली वाहत येतं आणि खालच्या डोळ्यांना दबवून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब जातो आणि इतके दिवस झोपलेले डोळे जागे होतात. पुढे फांद्यांची दाट गुंफण करायची ती याच गुणाच्या भरवशावर.

आता फांद्या निवडायच्या. कुंडी फिरत्या पाटावर ठेवून मी झाड खालून, डोळ्यांच्या रेषेत, सगळीकडून पाहते आणि समोरची बाजू ठरवते. जिथून मुळांचा घेर रुंद दिसतो आणि खोडाचा वाक उठून दिसतो ती समोरची बाजू. मग काय जाणार हे ठरतं. वाकाच्या आतल्या कुशीतून निघालेली फांदी जाते, बाहेरच्या वळणावरची राहते. एकाच उंचीवर समोरासमोर निघालेल्या दोन फांद्यांपैकी एक जाते, कारण दोन्ही ठेवल्या तर तिथे खोड फुगतं आणि निमुळतेपणा मोडतो. थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घुसणारी फांदी खालच्या भागात ठेवत नाहीत. पहिली मुख्य फांदी उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर, दुसरी तिच्या विरुद्ध बाजूला थोडी वर, मग एक मागे. मागच्या फांदीला लोक कमी लेखतात. ती नसेल तर झाडाला खोली येत नाही, बाकी सगळं बरोबर असूनही ते चित्रासारखं सपाट राहतं.

निवडलेले फुटवे हिरवे असतानाच वळवणं सोपं. एकच तार खोडाभोवती एक वळसा घेऊन दोन फांद्यांवर नेली की दोन्ही एकमेकींना धरून ठेवतात. फांदी खाली आणायची असेल तर तार जोडापाशी फांदीच्या वरून यायला हवी, खालून आली तर जोड चिरण्याची भीती. मुख्य फांद्या आडव्या किंवा किंचित खाली झुकलेल्या ठेवल्या आणि टोकं पुन्हा थोडी वर उचलली. टोक खाली राहिलं तर त्या फांदीचा जोर कमी होतो, टोक वर असलं की ती वाढत राहते.

तार चढवल्यानंतरचं काम पाहण्याचं. वाढीच्या दिवसांत फायकसची फांदी काही आठवड्यांत तारेला घट्ट होते. मी पाणी घालताना रोज तारेच्या कडेची साल बघते. तार आणि साल यांच्यामधली सावली नाहीशी झाली, तार सालीत दबायला लागली, की काढायची वेळ आली. तार उलगडून काढू नये. प्रत्येक वळसा कटरनं तोडून तुकडे काढावेत. उलगडताना हिसका बसून नुकती ठरलेली फांदी मोडते, वाचलेल्या तारेपेक्षा ती फांदी कितीतरी मोलाची. फांदी उसळून परत वर गेली तर पुन्हा तार, वळसे नव्या जागी.

यापुढचा आकार मी तारेपेक्षा कात्रीनं देणं पसंत करते. चीनच्या दक्षिणेत, लिंगनान परंपरेत, ही पद्धत फार उंचीला नेली आहे: वाढू द्या, कापा, पुन्हा वाढू द्या. फांदी सहा-आठ पानांपर्यंत जाऊ द्यायची आणि दोन पानांवर आणायची. शेवटच्या पानाच्या काखेतला डोळा ज्या दिशेला, नवी फांदी त्या दिशेला. म्हणजे कापण्याच्या आधी डोळा शोधायचा, पान नाही. दर छाटणीला दिशा बदलते, पेरं आखूड होतात आणि फांदीला तारेनं कधीच येणार नाही असा कोनदार, जुनाट बाज येतो. वेळ जास्त लागतो. मला तो दिल्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

एक गोष्ट सतत सांभाळावी लागते. झाडाची ओढ वर असते. शेंडा आणि वरच्या फांद्या जोर करतात, खालच्या मागे पडतात आणि दुर्लक्ष झालं तर वाळून जातात. झाड जुनं दिसायला मात्र खालच्या फांद्या जाड आणि वरच्या बारीक हव्यात, म्हणजे निसर्गाच्या ओढीच्या नेमकं उलट. म्हणून वरचा भाग वारंवार छाटायचा, खालचा मोकळा सोडायचा. वरची मोठी पानं काढून खालच्या फांद्यांवर ऊन पोचू द्यायचं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात, एक जपानी पांढरा पाइन आहे. 1625 पासून तो बोन्साय म्हणून घडवला जातो आहे असं नोंदलेलं आहे. 1945 च्या अणुस्फोटात तो हिरोशिमात, स्फोटाच्या केंद्रापासून साधारण 3 किलोमीटरवर होता आणि वाचला. यामाकी कुटुंबानं 1976 मध्ये तो अमेरिकेला भेट दिला. त्याचा फोटो पाहताना माझी नजर जाते ती खोडावर. कितीतरी पिढ्यांनी त्याची निगा राखली, आणि त्या सगळ्यांना कुणीतरी कोवळ्या रोपावर घेतलेल्या पहिल्या निर्णयांना धरूनच पुढे जावं लागलं असणार. रोपाला तार लावताना हे मनात असतं, आणि हात आपोआप सावकाश चालतात.

नांद्रुकाची बलिदानाची फांदी गेल्या हंगामात काढली. जखमेच्या कडेनं नवी साल आत सरकते आहे, मधला भाग अजून उघडा आहे. डावीकडची पहिली फांदी हवी त्यापेक्षा बारीक आहे, म्हणून तिचं टोक न कापता सोडलं आहे आणि तिच्या वरचं सगळं दोन पानांवर आणलं आहे. पुढच्या माती-बदलात फरशीचा तुकडा काढून मुळांचा घेर तपासायचा आहे. मागच्या बाजूची बारीक मुळं पुरेशी भरली असतील तर त्यानंतर उथळ कुंडी, नाहीतर आणखी एक हंगाम याच मोठ्या कुंडीत.